‘ब्लॅक बी’ अर्थात रिअॅक्टिव्ह ब्लॅक ५ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बाजारात ‘ब्लॅक बी’ म्हणून मिळतो तो नेमका कोणता रंग?

कलर इंडेक्स या रंगांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत त्याचं नाव सी. आय. रिअॅक्टिव्ह ब्लॅक ५, रचना क्रमांक २०५०५ आणि रसायनांच्या नोंदणीतला कॅस क्रमांक १७०९५-२४-८. रेणूभार सुमारे ९९१.८. सुती कापडाला काळा किंवा नेव्ही ब्लू रंग देण्यासाठी जगभर जे रिअॅक्टिव्ह (सुताशी रासायनिक बंध जोडणारे) रंग वापरले जातात, त्यात हा आघाडीवर आहे. इचलकरंजी, भिवंडी, सोलापूर इथल्या रंगखात्यांत त्याचा डबा नसेल असं सहसा होत नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीच्या हेक्स्ट कंपनीने रेमाझोल या नावाने व्हिनिल सल्फोन गटातले रंग बाजारात आणले. ‘ब्लॅक बी’ हे नाव तिथूनच रूढ झालं आणि आता कुठल्याही कंपनीच्या मालाला सर्रास लावलं जातं.

नावात ब्लॅक असलं तरी हा रंग मुळात गडद निळा आहे. पाण्यातल्या द्रावणाचं सर्वाधिक शोषण ५९७ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे पिवळ्या-नारिंगी प्रकाशात होतं आणि डोळ्याला निळं दिसतं. कापडाच्या वजनाच्या अर्धा-एक टक्का रंग घेतला तर निळसर राखाडी येतो, दोन-तीन टक्क्यांना नेव्ही आणि पाच टक्क्यांच्या पुढे काळा. कुळकुळीत काळा हवा असेल तर त्यात थोडा नारिंगी आणि लाल रिअॅक्टिव्ह रंग मिसळावा लागतो. बाजारातले बरेचसे तयार ‘सुपर ब्लॅक’ हे असं मिश्रणच असतं.

अॅझो रंगांवर बंदी आहे ना? मग हा कसा चालतो?

सगळ्यात जास्त गोंधळ याच प्रश्नावर होतो, म्हणून सविस्तर सांगतो.

अॅझो म्हणजे रेणूत दोन नायट्रोजन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असणं. पीटर ग्रीस यांनी १८५८ मध्ये डायअॅझो संयुगं शोधली. त्या शोधातून या रंगांचं सगळं घराणं उभं राहिलं. आज वापरातल्या कृत्रिम रंगांत सर्वात मोठा वाटा अॅझोंचाच आहे. सगळ्या अॅझोंवर बंदी घातली तर रंगखातीच बंद पडतील. अशी बंदी कुठेच नाही.

बंदी आहे ती तुटल्यावर ठरावीक घातक अमाइन सोडणाऱ्या अॅझो रंगांवर. अॅझो बंध रासायनिक क्षपणाने, आतड्यातल्या किंवा त्वचेवरच्या जिवाणूंमुळे तुटू शकतो आणि त्या जागी दोन अमाइन, म्हणजे नायट्रोजनयुक्त संयुगं, तयार होतात. ती अमाइन कोणती, यावर सगळं अवलंबून आहे. बेंझिडीन हे त्यातलं सर्वात कुप्रसिद्ध. रंग कारखान्यांतल्या कामगारांना मूत्राशयाचा कर्करोग होतो, हे लुडविग रेन यांनी १८९५ मध्येच नोंदवलं होतं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने बेंझिडीनला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करणारं असं निश्चित सिद्ध झालेल्या पदार्थांत ठेवलं आहे. पूर्वी स्वस्त काळ्यासाठी सर्रास वापरला जाणारा डायरेक्ट ब्लॅक ३८ हा बेंझिडीनवर आधारलेलाच होता.

जर्मनीने १९९४ मध्ये अशा रंगांवर नियम आणला. भारतात बेंझिडीनवर आधारित ४२ आणि इतर ७० अशा एकूण ११२ रंगांवर १९९० च्या दशकात बंदी आली. युरोपीय संघाच्या यादीत आता २२ अमाइन आहेत आणि मर्यादा दर किलो कापडामागे ३० मिलिग्रॅम.

रिअॅक्टिव्ह ब्लॅक ५ मध्ये दोन अॅझो बंध आहेत. मधोमध एच-आम्ल आणि दोन्ही बाजूंना पॅरा-एस्टर, ज्याला रंग कारखान्यात व्हिनिल सल्फोन एस्टर म्हणतात. हे दोन्ही बंध तुटले तर जी अमाइन मिळतात ती सल्फोनिक किंवा सल्फोन गट असलेली, पाण्यात विरघळणारी असतात आणि त्या २२ च्या यादीत नाहीत. म्हणून हा रंग बंदीच्या बाहेर आहे.

त्याचा अर्थ हा रंग निर्धोक असा मात्र मुळीच नाही. त्याचा धोका दुसरीकडे आहे, आणि ‘अॅझो-फ्री’चं लेबल बघून निर्धास्त होणारे नेमके तिथेच चुकतात.

मग खरा धोका कशात आहे?

दोन ठिकाणी: डब्यातल्या कोरड्या पुडीत आणि गटारात जाणाऱ्या पाण्यात. मधल्या टप्प्यावरचं, नीट धुतलेलं कापड हा या साखळीतला सर्वात कमी धोक्याचा भाग.

पुडीचं आधी. हा रंग सुताशी रासायनिक बंध जोडतो म्हणूनच उपयोगी आहे. पण ज्या गटामुळे तो सुताच्या हायड्रॉक्सिलला चिकटतो, तोच गट शरीरातल्या प्रथिनांनाही चिकटतो. श्वासातून आत गेलेली धूळ रक्तातल्या अल्ब्युमिनला जोडली जाते आणि काही माणसांची प्रतिकारशक्ती त्या जोडीला परकी समजून प्रतिपिंडं बनवते. एकदा असं झालं की पुढे चिमूटभर धूळही पुरते: शिंका, नाक गळणं, छातीत घरघर, दमा. रंगाच्या सुरक्षा पत्रकावर म्हणूनच त्वचेची आणि श्वसनाची अॅलर्जी अशा दोन्ही सूचना असतात.

यात एक फसवी गोष्ट आहे. त्रास लगेच होतोच असं नाही. पहिले काही महिने, कधी वर्षभर, काही वाटत नाही. मग खोकला येतो तो कामाची शिफ्ट संपल्यावर, रात्री घरी. सुट्टीत बरं वाटतं, कामावर रुजू झालं की पुन्हा सुरू. वजनकाट्यावर बसणाऱ्या माणसाला असा ‘सुट्टीत थांबणारा खोकला’ असेल तर त्याला धुळीचा दमा समजून औषधावर ढकलू नका. छातीच्या डॉक्टरांना रंगाचं नाव लिहून द्या, सुरक्षा पत्रकाची प्रत सोबत द्या आणि त्या माणसाचं काम बदला. अॅलर्जी पक्की झाली की मास्क लावूनही त्याच काट्यावर बसवणं योग्य नाही.

पुडी हाताळताना नेमकं काय करायचं?

डबा उघडायच्या आधी पंखा बंद करा. बहुतेक ठिकाणी वजनकाटा बरोबर पंख्याखाली असतो. त्याची जागा बदलली तर निम्मं काम होतं.

एन-९५ किंवा त्याच तोडीचा मास्क, नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्या, डोळ्यांवर चष्मा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. मोठा चमचा डब्यात खोल घालून हळू काढा आणि बादलीच्या तळाशी नेऊन सोडा. वरून ओतलेल्या पुडीचा निळसर धूर उठतो. उन्हाच्या तिरिपेत तो स्पष्ट दिसतो आणि दिसेनासा झाल्यावरही बराच वेळ हवेत राहतो.

पुडीवर आधी थोडं साधं पाणी घालून पेस्ट करा, गुठळ्या मोडा, मग ६०-७० अंशांचं पाणी घालून विरघळवा. उकळतं पाणी थेट पुडीवर ओतू नका. वाफेबरोबर पुडी उडते आणि खाली गोळे बनतात. सांडलेली पुडी झाडूने झाडायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची. कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे झटकायची सवय तर ताबडतोब बंद करा.

घेताना शक्यतो धूळविरहित किंवा दाणेदार माल मागा. थोडा महाग पडतो, पण तो पैसा वाया जात नाही.

हात काळे होतात. ब्लीचिंग पावडर किंवा हायड्रॉसने (सोडियम हायड्रोसल्फाइट) धुतले तर चालतात का?

नाही. बहुतेक रंगखात्यांत ही पद्धत आहे आणि ती वाईट आहे. हायड्रॉस अॅझो बंध तोडतं म्हणून हात गोरे दिसतात, पण त्वचा कोरडी पडून फाटते आणि फाटलेल्या त्वचेतून पुढचा रंग आणखी आत जातो. वर हायड्रॉसचा वायू नाकात जातो तो वेगळा. हायड्रॉसचा डबा ओला झाला तर आपोआप तापून पेटही घेतो. साबण, कोमट पाणी आणि धीर, एवढंच. बाकीचा रंग चार-पाच दिवसांत वरच्या कातडीबरोबर निघून जातो. हातमोजे घातले तर हा प्रश्नच येत नाही.

रंग सुताला चिकटतो म्हणजे नक्की काय होतं?

डब्यातल्या रूपात रंग झोपलेला असतो. त्याच्या दोन्ही टोकांना सल्फॅटोइथिल सल्फोन गट असतो. बाथमध्ये, म्हणजे रंगवायच्या पाण्यात, सोड्यासारखी अल्कली गेली की त्यातून सल्फेट गळून पडतं आणि व्हिनिल सल्फोन हा क्रियाशील गट उघडा होतो. तो सेल्युलोजच्या हायड्रॉक्सिलशी जोडला जातो आणि पक्का ईथर बंध तयार होतो.

अडचण अशी की पाण्यातही हायड्रॉक्सिल असतोच. काही रेणू सुताऐवजी पाण्याशीच जोडले जातात. याला हायड्रोलिसिस म्हणतात. असा मेलेला रंग दिसतो तेवढाच काळा, सुतावर बसतोही, पण धरत नाही. चांगल्या कामात साधारण तीन-चतुर्थांश रंग पक्का होतो, उरलेला मेलेला असतो. पुढे सांगितलेली सगळी धुलाई त्या उरलेल्यासाठी आहे.

सोडा घातलेलं उरलेलं बाथ दुसऱ्या दिवशी वापरता येत नाही, तेही याचमुळे. रात्रभरात सगळा रंग मरतो.

१ किलो सुती सुतासाठी काळ्याची कृती द्या.

सूत आधी नीट उकळलेलं, तेल-मेण काढलेलं आणि पाणी चटकन शोषणारं हवं. लडीच्या टोकावर पाण्याचा थेंब सोडा. दोन-तीन सेकंदांत जिरला नाही तर परत उकळा.

पाणी १० लिटर (म्हणजे एकास दहा), रंग ५० ग्रॅम, निर्जल ग्लॉबर सॉल्ट (सोडियम सल्फेट) ७०० ग्रॅम, सोडा अॅश २०० ग्रॅम, पाणी जड असेल तर सिक्वेस्ट्रंट (जडपणा आणणारे क्षार बांधून ठेवणारं रसायन) १० ग्रॅम. मशीनवर काम करणारे सोडा ५ ग्रॅम प्रति लिटरवर आणून सोबत दीड-दोन ग्रॅम कॉस्टिक सोडा घेतात. हाताने काम करणाऱ्याने कॉस्टिकच्या वाटेला जाऊ नये, नुसता सोडा पुरतो.

३०-४० अंशांवर सिक्वेस्ट्रंट, मग गाळलेला रंग घालून सूत दहा मिनिटं फिरवा. ग्लॉबर सॉल्ट विरघळवून तीन हप्त्यांत घाला. अर्ध्या तासात ६० अंशांवर न्या आणि २०-३० मिनिटं चालवा. इथपर्यंत पीएच ६ ते ६.५ असावा. या वेळात रंग सुतावर सारखा पसरतो आणि अजून बंध झालेला नसल्यामुळे इकडून तिकडे सरकू शकतो. मग सोडा अॅश वेगळ्या बादलीत विरघळवून अर्ध्या तासात हळूहळू, आधी थोडी आणि नंतर जास्त अशी घाला. पीएच ११च्या आसपास जातो. पुढे ६० अंशांवर पूर्ण एक तास.

थर्मामीटर नसेल तर एक साधा आणा. ‘हाताला सोसेल इतकं’ या अंदाजात पंधरा अंशांचा फरक असतो आणि दर लॉटला शेड बदलते.

धुलाई क्रमाने: थंड पाणी दोनदा, कोमट एकदा, मग अॅसेटिक आम्ल १ ग्रॅम प्रति लिटर घालून दहा मिनिटं, पीएच ६ ते ७. त्यानंतर ९०-९५ अंशांवर साबणाने १०-१५ मिनिटं, दोनदा. शेवटी गरम, मग थंड.

अॅसेटिकची पायरी वगळली तर चालेल का? साबण तर पुढे आहेच.

नाही. रंग सुटल्याच्या तक्रारी येतात त्यातल्या बऱ्याच इथूनच निघतात. व्हिनिल सल्फोनचा सुताशी झालेला बंध गरम अल्कलीत तुटतो. सूत अल्कलीने भरलेलं असताना उकळत्या साबणात घातलं तर आपणच बसवलेला रंग आपणच सोडवतो. दोन थंड धुण्यांनी अल्कली पूर्ण जात नाही, लडीच्या आत धरून राहते. आम्लाने ती आधी मारा, मग तापवा.

ग्लॉबर सॉल्टऐवजी साधं मीठ?

चालतं. पण स्वस्त मिठात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि कधीकधी लोह असतं. सोडा पडला की कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा भुगा सुतावर बसतो, त्यात रंग अडकतो आणि घासल्यावर निघतो. ‘काळ्यावर राख पडल्यासारखं दिसतंय’ अशी तक्रार आली तर आधी मीठ आणि बोअरचं पाणी तपासा.

काळा न होता निळसर किंवा तपकिरी झाक येते. का?

निळसर झाक आली तर रंग कमी पडला, किंवा निव्वळ ब्लॅक बी वापरला आणि नारिंगीची जोड दिली नाही. मालाची ताकदही बघा. १५० टक्क्यांचा ५ टक्के रंग म्हणजे १०० टक्क्यांचा साडेसात. पुरवठादार बदलला आणि कृती तीच ठेवली की हमखास असं होतं.

तपकिरी किंवा लालसर झाक दिसली तर ब्लीचिंगनंतर कापडात हायड्रोजन पेरॉक्साइड उरलं होतं का ते पाहा. ते रंग खातं. पेरॉक्साइडच्या पट्टीने तपासा, उरलं असेल तर कॅटॅलेज एन्झाइम घालून मारा आणि मगच रंग सोडा. मिश्र काळ्यात नारिंगी जास्त झाला तरी झाक लालसर येते.

नमुना नेहमी पूर्ण वाळवून, थंड करून जुळवा. ओलं सूत एक-दोन पायऱ्या गडद दिसतं आणि इस्त्रीखालून काढलेल्या गरम तुकड्याचा टोनही वेगळा असतो.

पट्टे आणि डाग पडतात.

कारणं थोडी आहेत आणि बहुधा यातलंच एखादं निघतं: सोडा एकदम ओतला, रंग गाळला नव्हता, लड्या घट्ट बांधल्या होत्या, किंवा कापड नीट उकळलं नव्हतं. पट्टे बांधणीच्या दोऱ्याजवळच असतील तर दोरा सैल बांधा. गोल ठिपके असतील तर तो न विरघळलेला रंग. एकदा पक्का झालेला पट्टा धुऊन जात नाही. हायड्रॉस आणि सोड्याने रंग उतरवून पुन्हा रंगवावं लागतं आणि त्यात सुताची थोडी ताकद जातेच.

पुरेसं धुतलं की नाही हे कसं ओळखायचं?

धुण्याचं पाणी स्वच्छ दिसणं ही परीक्षा पुरेशी नाही. थंड पाणी स्वच्छ येतं आणि गरम घातलं की पुन्हा काळं होतं. ओला रंगीत तुकडा पांढऱ्या सुती कापडाच्या दोन घड्यांमध्ये ठेवा आणि गरम इस्त्री दाबून वाफ निघेपर्यंत धरा. पांढऱ्यावर निळसर छाप उठली तर अजून एक सोपिंग, म्हणजे साबणाची उकळ. छाप अगदी फिकी असली तरी कानाडोळा करू नका, गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या परकरावर ती गडद उठते.

काळ्यात ओल्या घासणीचा निकाल पाचपैकी २-३ च्या पुढे फारसा जात नाही, हेही आधीच सांगून ठेवावं. कोरडी घासणी ४ आणि धुलाई ४-५ मिळायला हवी.

फिक्सर (रंग बांधून ठेवणारं रसायन) लावला की झालं ना?

फिक्सर सुटा रंग बांधून ठेवतो, काढत नाही. नीट धुतलेल्या मालावर शेवटचा हात म्हणून ठीक. न धुतलेल्या मालावर लावला तर तक्रार दुकानातून घरी सरकते, एवढंच. फॉर्माल्डिहाइड नसलेला फिक्सर मागा.

संक्रांतीसाठी घेतलेली काळी सुती साडी पहिल्या धुण्यात रंग सोडते. परत करावी का?

पहिल्या एक-दोन धुण्यांत पाण्याला हलकी निळसर झाक येणं समजण्यासारखं आहे. चौथ्या-पाचव्या धुण्यातही पाणी काळं येत असेल तर माल नीट धुतलेला नाही, किंवा तो रिअॅक्टिव्ह नसून डायरेक्ट रंग, म्हणजे बंध न जोडता नुसता सुतावर बसणारा, आहे. घरी अंदाज घ्यायचा असेल तर पदराच्या आतल्या बाजूचा एखादा धागा आणि पांढऱ्या सुताचा तुकडा साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं उकळा. पांढरं सूत गडद रंगलं तर डायरेक्ट असण्याची शक्यता मोठी. डायरेक्ट म्हणजे लगेच बंदी घातलेला असं नव्हे, ते प्रयोगशाळेतच कळतं.

साडी थंड पाण्यात, वेगळी, उलटी करून धुवा आणि सावलीत वाळवा. मीठ-व्हिनेगरमध्ये भिजवून रंग पक्का होतो हा समज रिअॅक्टिव्हच्या बाबतीत खोटा आहे. मिठामुळे सुटा रंग थोडा वेळ सुतावर दबून राहतो आणि पुढच्या साध्या पाण्यात सुटतो.

ब्लीच टाळाच. क्लोरीनपुढे हा रंग अगदीच कच्चा आहे, थेंबभर ब्लीचनेही विटकरी डाग पडतो आणि तो परत काळा होत नाही.

अंगाला घातल्यावर त्वचेला त्रास होतो का? लहान मुलांसाठी चालेल?

पक्का बसलेला रंग सुताचा भाग झालेला असतो, त्याच्यातला क्रियाशील गट संपलेला असतो. मेलेल्या रंगातही तो गट उरत नाही. त्यामुळे नीट धुतलेल्या कापडातून अॅलर्जी होण्याची शक्यता फार कमी. कपड्यांमुळे होणाऱ्या त्वचेच्या अॅलर्जीत बहुतेक वेळा पॉलिएस्टर रंगवायला वापरले जाणारे काही डिस्पर्स रंग दोषी निघतात. तरीही बाळाचे नवे कपडे, कुठल्याही रंगाचे, आधी दोनदा धुऊनच घाला.

रेशीम, लोकर, पॉलिएस्टरवर चालतो का?

पॉलिएस्टरवर अजिबात नाही, धुतल्यावर जसंच्या तसं पांढरं निघतं. टेरिकॉटमध्ये फक्त सुती भाग रंगतो, पॉलिएस्टरसाठी डिस्पर्स रंग वेगळा लागतो. व्हिस्कोस आणि तागावर चालतो. रेशीम आणि लोकरीवरही बसतो, पण त्यांना वर दिलेली सोड्याची कृती लावू नका, गरम अल्कलीने लोकर खराब होते आणि रेशमाची चमक जाते. त्यांना सौम्य आम्लात रंगवावं लागतं.

डिस्चार्ज छपाईसाठी, म्हणजे रंगलेल्या कापडावरचा रंग काढून नक्षी उठवायला, जमीन (पार्श्वभूमी) म्हणून कसा आहे?

उत्तम. अॅझो बंध रोंगालाइट या रंग उडवणाऱ्या रसायनाने वाफेत सहज तुटतो आणि काळ्या जमिनीवर स्वच्छ पांढरी नक्षी उठते. मिश्र काळा वापरत असाल तर त्यातला प्रत्येक रंग डिस्चार्ज होणारा आहे का हे आधी तुकड्यावर बघा, नाहीतर पांढऱ्याऐवजी मळकट पिवळं येतं. वाफेच्या खोलीत हवा खेळती हवी, रोंगालाइटमधून फॉर्माल्डिहाइड सुटतं.

होळी-रंगपंचमीला, केसांना किंवा रांगोळीत मिसळायला वापरता येईल?

नाही. कोरडी पुडी उधळणं म्हणजे श्वसनाची अॅलर्जी करणारा पदार्थ लोकांच्या नाकात घालणं. सुटी पुडी विकणाऱ्यांनी फेब्रुवारी-मार्चमध्ये घरगुती गिऱ्हाइकाला हा रंग देऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. खाण्याच्या कुठल्याही वस्तूत तर विषयच नको.

सांडपाण्याचं काय? रंग इतका थोडाच असतो.

वरच्याच कृतीचा हिशेब मांडू. ५० ग्रॅम रंगातला पाव भाग मेला म्हणजे साडेबारा ग्रॅम पाण्यात. एवढ्याने शेकडो लिटर पाणी निळं दिसतं. प्रकाश अडल्यामुळे पाण्यातल्या वनस्पतींची वाढ खुंटते. हवेवर जगणारे जिवाणू हा रंग जवळजवळ मोडतच नाहीत, त्यामुळे नुसती एरेशन (हवा सोडायची) टाकी बांधून रंग जात नाही.

पण रंगापेक्षा मीठ जड. ७० ग्रॅम ग्लॉबर आणि २० ग्रॅम सोडा म्हणजे बाथमध्ये लिटरमागे ९०,००० मिलिग्रॅम क्षार. रंगाचं एक आणि धुण्याची आठ पाणी एकत्र केली तरी सरासरी १०,०००च्या आसपास. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०१६ च्या अधिसूचनेत वस्त्रोद्योगाच्या सांडपाण्यासाठी विरघळलेल्या क्षारांची मर्यादा २,१०० मिलिग्रॅम आहे, रंगाची १५० प्लॅटिनम-कोबाल्ट एकक, बीओडी आणि सीओडी (पाण्यातली घाण कुजायला लागणाऱ्या प्राणवायूची जैविक आणि रासायनिक मोजणी) अनुक्रमे ३० आणि २५०, आणि पीएच ६.५ ते ८.५. रंग घालवता येतो. मीठ कुठल्याही जिवाणूला खाता येत नाही, ओझोनने जात नाही, आणि तुरटीने तर नाहीच. पंचगंगेच्या काठी हा प्रश्न वर्षानुवर्षं का रेंगाळला आहे, हे समजायला एवढा हिशेब पुरे.

मग प्रक्रिया कोणती करावी?

तुरटी किंवा पीएसी (पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइड) या रंगाला नीट पकडत नाही, कारण तो पाण्यात फार विरघळतो. फेरस सल्फेट आणि चुन्याने बराच रंग जातो, पण गाळाचे ढीग लागतात आणि तो गाळ घातक कचरा म्हणून तळोजा, रांजणगाव किंवा बुटीबोरीसारख्या अधिकृत ठिकाणी पाठवावा लागतो, शेतात नाही. ओझोन आणि फेंटन (पीएच ३ च्या आसपास) अॅझो बंध तोडतात आणि रंग झपाट्याने उतरतो. जैविक पद्धतीत आधी हवाबंद टाकी लागते, तिथे बंध तुटून अमाइन होतात, आणि मग हवा देणारी टाकी. दुसरी टाकी वगळली तर पाणी स्वच्छ दिसतं आणि अमाइन तसंच पुढे जातं.

हायड्रॉस टाकून पाणी पांढरं करून सोडणं ही यातली सर्वात मोठी फसवणूक. डोळ्याला रंग दिसत नाही, पण सीओडी तितकाच राहतो, उलट हायड्रॉसचा वाढतो. ब्लीचिंग पावडरने क्लोरीनयुक्त सेंद्रिय संयुगं बनतात.

मिठाचा उपाय मुळाशीच करायला हवा. रंगाचं घट्ट बाथ आणि हलकी धुणी वेगवेगळ्या पाइपांनी काढा. हलकं पाणी आरओतून परत वापरा, घट्ट पाणी बाष्पीभवनाला पाठवा. एकास दहाऐवजी एकास सहाचं मशीन घेतलं की मीठ त्याच प्रमाणात उतरतं. विणलेल्या कापडासाठी कोल्ड पॅड बॅचची पद्धत शक्य असेल तर तिथे मीठ जवळपास लागतच नाही: रंग आणि अल्कली पॅडरवर (कापड भिजवून पिळणारं यंत्र) एकत्र येतात, कापड गुंडाळून प्लास्टिकमध्ये ८ ते १२ तास फिरत ठेवायचं आणि मग धुवायचं. रंग आणि अल्कली वेगळ्या टाक्यांतून शेवटच्या क्षणी मिसळा, नाहीतर टाकीतच रंग मरतो.

घरी एखादी साडी रंगवली तर पाणी कुठे ओतायचं?

विहिरीजवळ, झाडांच्या आळ्यात किंवा सेप्टिक टँकमध्ये नको. खारं पाणी झाड मारतं. व्हिनेगर घालून पीएच ७ वर आणा आणि शहराच्या सांडपाण्याच्या जाळ्याला जोडलेल्या मोरीत थोडं थोडं सोडा. नियमित विक्रीसाठी रंगवू लागलात की तो धंदा झाला, मग प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते का ते विचारून घ्या.

पुडी किती टिकते?

घट्ट बंद, कोरड्या जागी ठेवली तर वर्ष-दीड वर्ष चिंता नाही. पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर गोळे होतात आणि ताकद उतरते. जुन्या मालाचा आधी १० ग्रॅमच्या लडीवर नव्या मालाबरोबर शेजारी शेजारी नमुना काढा. सोड्याच्या आणि हायड्रॉसच्या डब्यांशेजारी ठेवू नका.

डोळ्यात किंवा तोंडात गेला तर?

डोळ्यात गेला तर पापणी उघडी धरून वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान १५ मिनिटं धुवा आणि डॉक्टरकडे जा. नुसती पुडी असेल तर जळजळ थांबते. सोडा किंवा कॉस्टिकमिश्रित बाथ उडाला असेल तर मात्र एक मिनिटही दवडू नका, अल्कली बुबुळात शिरत जाते. लिंबू-व्हिनेगर डोळ्यात कधीही घालू नका. तोंडात गेल्यास चूळ भरा, उलटी करवू नका. धाप लागली तर मोकळ्या हवेत बसवा, आडवं झोपवू नका आणि दवाखान्यात न्या. डब्यावरचं लेबल सोबत न्यायला विसरू नका, डॉक्टरांना पहिली माहिती तिथूनच मिळते.